निवडणूक हरल्यानंतर छाया मंत्रिमंडळ कसं उभं करावं

निकालानंतरच्या आठवड्यात हरलेल्या पक्षाच्या कार्यालयात दोन प्रकारची माणसं येतात. कुणामुळे हरलो हे सांगणारी, आणि आता पाच वर्षं करायचं काय असं विचारणारी. हा लेख दुसऱ्यांसाठी आहे: पहिल्यांदा निवडून आलेले आमदार, पक्षकार्यालयात बसणारे कार्यकर्ते, आमदारांसाठी कागद वाचून टिपणं काढणारी मुलंमुली. उदाहरण महाराष्ट्र विधानसभेचं घेतलं आहे, कारण छोट्या विरोधी पक्षांपुढच्या जवळपास सगळ्या अडचणी इथं एकत्र सापडतात.

छाया मंत्रिमंडळ म्हणजे सरकारच्या प्रत्येक खात्यावर आपला एक ठरलेला माणूस. पद्धत ब्रिटनची. तिथं विरोधी पक्षनेत्याला १९३७ पासून कायद्यानं पगार आहे, विरोधी पक्षांच्या संसदीय कामासाठी १९७५ पासून सरकारी तिजोरीतून पैसे मिळतात, आणि कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहात, एका सत्रातले वीस दिवस विरोधकांनी निवडलेल्या विषयांसाठी राखलेले असतात. त्यातले सतरा सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाचे. तरीही बहुतेक छाया मंत्र्यांना त्या पदाचा वेगळा पगार नसतो. आपल्याकडे तर राज्यघटनेत किंवा विधिमंडळाच्या नियमांत या पदाचा उल्लेखच नाही. त्यामुळे ते स्थापायला कुणाची परवानगी लागत नाही. पण एकदा स्थापल्यावर त्याला अधिकारही काही नसतो. जी काही वट मिळवायची ती अभ्यासावरच.

महाराष्ट्रात हा प्रयोग नवा नाही. २००५ मध्ये भाजप-शिवसेनेनं तो केला होता. ९ मार्च २०२० ला महाराष्ट्र नवनिर्माण सेनेनं नवी मुंबईत वर्धापनदिनी छाया मंत्रिमंडळ जाहीर केलं, तेव्हा विधानसभेत त्यांचा एकच आमदार होता. पंधरा दिवसांत लॉकडाऊन लागला, तो भाग नशिबाचा. पण मूळ अडचण वेगळी होती. नेमलेल्यांपैकी जवळपास कुणालाच सभागृहात उभं राहून मंत्र्याला प्रश्न विचारता येत नव्हता. ओडिशात जून २०२४ मध्ये सत्ता गेल्यावर बिजू जनता दलानं उलट केलं. नवीन पटनायक यांनी पन्नास आमदारांना थेट खाती वाटून दिली. सभागृहात माणूस आहे की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी गणित

मंत्रिमंडळ किती मोठं असू शकतं हे ठरलेलं आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३. समोर इतके मंत्री आणि त्यांच्यामागे मंत्रालयाचे तीसहून अधिक विभाग. आपल्याकडे किती? नोव्हेंबर २०२४ च्या निकालात ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. एका मंत्र्यासमोर एक आमदार ही चैन कुणालाच परवडणारी नव्हती.

विरोधी पक्षनेतेपदाचं गणित आणखी वेगळं. दहा टक्के जागा, म्हणजे इथं २९, हा आकडा परंपरेनं आलेला आहे. मान्यता देणं अध्यक्षांच्या हातात. लोकसभेत २०१४ ला ४४ आणि २०१९ ला ५२ जागा असताना काँग्रेसला ते पद मिळालं नाही. उलट दिल्ली विधानसभेत २०१५ ला ७० पैकी तीनच आमदार असलेल्या भाजपला मिळालं. म्हणून पदासाठी पत्र द्या, पाठपुरावा करा, पण छाया मंत्रिमंडळ त्यावर अडवून ठेवू नका. पद मिळालं तर कॅबिनेट दर्जा, दालन आणि सरकारी कर्मचारी मिळतात. ते नसताना तीच कामं पक्षाच्या पैशातून करावी लागतात, एवढाच फरक धरून चला.

जाहीर कधी करायचं

घाई करण्याचा मोह फार असतो. सरकारचं खातेवाटप होण्याआधी यादी जाहीर केली की पंधरा दिवसांत ती बदलावी लागते आणि पहिलीच बातमी 'फेरबदल' अशी छापून येते. २०२४ चा क्रम बघा: निकाल २३ नोव्हेंबरला, मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्र्यांचा शपथविधी ५ डिसेंबरला, विस्तार १५ डिसेंबरला नागपुरात, आणि खातेवाटप थेट २१ डिसेंबरला, म्हणजे हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. अख्खं अधिवेशन बिनखात्याच्या मंत्र्यांसमोर पार पडलं.

अशा वेळी हंगामी रचना करावी. ब्रिटनमध्ये जुलै २०२४ ला हुजूर पक्ष १२१ जागांवर आला. ऋषी सुनक यांनी मतदानानंतर चारच दिवसांत हंगामी छाया मंत्रिमंडळ नेमलं. नव्या नेत्या केमी बेडनॉक २ नोव्हेंबरला निवडून आल्या आणि त्यांनी आपलं वेगळं नेमलं. मधल्या काळात ३० ऑक्टोबरला अर्थसंकल्प आला, त्याला उत्तर द्यायला मावळते नेते सुनकच उभे राहिले. खुर्ची रिकामी राहिली नाही, आणि हंगामी आहे हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असल्यानं बदलताना कुणी रुसलं नाही.

आपल्याकडे हंगामीसाठी सहा माणसं पुरतात: वित्त, गृह, शेती आणि मदत-पुनर्वसन, नगरविकास आणि ग्रामविकास, शिक्षण, आरोग्य. जाहीर करताना 'हंगामी' हा शब्द आणि मुदत दोन्ही लिहा. खातेवाटप झाल्यावर तीन आठवड्यांत कायमची यादी.

पराभवाची कारणमीमांसा करणारी समिती आणि हे काम एकाच माणसांकडे देऊ नका. कारणमीमांसेत कुणाच्या तरी अंगावर येणारच, आणि तो राग खातेवाटपात निघतो.

खाती पाडायची कशी

एक मोठा तक्ता घ्या. डाव्या बाजूला मंत्रालयाचे विभाग, मधल्या रकान्यात मंत्री, उजवीकडे आपला माणूस. तक्ता भरायला लागलं की पहिली अडचण दिसते: विभाग आणि मंत्री जुळत नाहीत. महसूल व वन हा एक विभाग, पण मंत्री वेगवेगळे. उद्योग, ऊर्जा, कामगार यांचंही तेच. जलसंपदा तर डिसेंबर २०२४ च्या वाटपात खोऱ्यांनुसार दोघांत विभागलं गेलं: गोदावरी आणि कृष्णा खोरं राधाकृष्ण विखे पाटलांकडे, विदर्भ, तापी आणि कोकण गिरीश महाजनांकडे. आपली विभागणी मंत्र्यांप्रमाणे करायची की विभागाप्रमाणे?

विभागाप्रमाणे करा. कागद विभागातून निघतात, पैसा विभागाच्या मागणीवर मंजूर होतो, आणि मंत्री मध्येच बदलतो. जलसंपदेला दोन मंत्री असले तरी आपला माणूस एकच हवा, नाहीतर कोकणातलं पाणी गोदावरी खोऱ्यात नेण्याच्या प्रश्नावर आपलेच दोघं दोन तऱ्हेनं बोलतील.

वीसेक आमदारांच्या पक्षानं चौदा ते सोळा गट पाडावेत. गट पाडताना फाईल कुठून कुठं जाते ते बघा. कृषी, सहकार-पणन आणि मदत-पुनर्वसन एकत्र ठेवले तर गारपिटीपासून पीककर्जापर्यंतचा धागा एकाच हातात राहतो. शालेय शिक्षण आणि उच्च शिक्षण वेगळे ठेवा. दोन्हींची भाषा, नियम, संघटना सगळंच निराळं आहे. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण मात्र एकत्र हवेत, कारण जिल्हा रुग्णालय एका विभागाकडून दुसऱ्याकडे गेलं की जबाबदारी नेमकी त्या सांध्यात हरवते. वित्त आणि नियोजन एकाकडेच. सामान्य प्रशासन नेत्यानं स्वतःकडे ठेवावं.

विधान परिषदेला विसरू नका. वरच्या सभागृहातही तोच मंत्री उत्तरं देतो. म्हणून प्रत्येक मोठ्या गटाला परिषदेत एक जोडीदार हवा आणि दोघांचं टिपण एकच हवं. एका सभागृहात मिळालेलं उत्तर दुसऱ्यात त्याच दिवशी पडताळता येतं. विरोधकांना मिळणाऱ्या मोजक्या सवलतींपैकी ही एक आहे, आणि ती फार कमी वापरली जाते.

आघाडी असेल तर काय? तिन्ही पक्षांचं मिळून एक छाया मंत्रिमंडळ कागदावर सुंदर दिसतं, पण संख्याबळाच्या प्रमाणात वाटप सुरू झालं की जागावाटपाचीच भांडणं पुन्हा नव्यानं होतात. त्यापेक्षा प्रत्येक पक्षानं आपलं लहान मंडळ ठेवावं आणि वित्त, गृह, शेती, नगरविकास, शिक्षण या पाच विषयांपुरती रोज सकाळी सभागृहाआधी एकत्र बैठक घ्यावी. तेवढं जमलं तरी खूप झालं.

माणसं निवडताना

ज्येष्ठतेनं खाती वाटली की गृह आणि महसुलावर माजी मंत्री बसतात. त्यांना खातं माहीत असतं हे खरं. पण त्यांच्याच काळातल्या निर्णयांवर बोट ठेवून समोरचा मंत्री त्यांना दोन मिनिटांत खाली बसवतो. माजी मंत्र्याला त्याच्या जुन्या खात्याशेजारचं खातं द्यावं: माहिती कामी येते, ओझं राहत नाही.

दुसरी चाळणी हितसंबंधांची. साखर कारखान्याच्या अध्यक्षाला सहकार, शिक्षणसंस्था चालवणाऱ्याला उच्च शिक्षण, बांधकामातल्या माणसाला नगरविकास देऊ नये. महाराष्ट्रात ही चाळणी लावली की निम्मी यादी गळते, तरीही लावावी. निवडणुकीच्या वेळी प्रत्येकानं नमुना २६ मध्ये दिलेलं शपथपत्र सार्वजनिक असतं. मालमत्ता, कर्जं, सरकारी देणी, गुन्हे असं सगळं त्यात आहे. नेमणुकीआधी ते आपण वाचावं, कारण नेमणुकीनंतर समोरचे वाचणारच आहेत.

प्रत्येक गटासाठी तीन माणसं लागतात: सभागृहात बोलणारा आमदार, कागद वाचणारा अभ्यासक, आणि जिल्ह्यांतून खबर आणणारा एक कार्यकर्ता. पराभूत उमेदवार या तिसऱ्या कामाला उत्तम. त्याला मतदारसंघात काहीतरी करायचं असतंच. अभ्यासक शोधताना निवृत्त सचिवांच्या मागे लागू नका. निवृत्त कक्ष अधिकारी किंवा लेखाधिकारी जास्त उपयोगाचा. फाईल कुठल्या टेबलावर अडते, टिपणीतलं कुठलं वाक्य नकाराचं असतं, हे त्याला पाठ असतं. पैसे कमी असतील तर पूर्णवेळ तिघं नेमा: एक वित्तासाठी, एक रोजचे शासन निर्णय उतरवण्यासाठी, एक विधिमंडळाच्या कागदांसाठी. बाकीचे अर्धवेळ चालतील.

वाचायचं काय

इथंच बहुतेक छाया मंत्रिमंडळं ढेपाळतात. यादी जाहीर होते, हार-तुरे होतात, आणि मग छाया मंत्री सकाळचं वर्तमानपत्र वाचून दुपारी प्रतिक्रिया देऊ लागतो. ते काम प्रवक्त्याचं. छाया मंत्र्यानं कागदापासून सुरुवात करायची.

राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली की त्याच दिवशी 'मंत्रिमंडळ निर्णय' म्हणून प्रसिद्धीपत्रक निघतं. आपली साप्ताहिक बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा आणि ते पत्रक समोर घेऊन बसा. प्रत्येक निर्णयापुढं एकच गोष्ट लिहायची: याचा शासन निर्णय निघाला का? प्रसिद्धीपत्रकात 'सरसकट' असलेली गोष्ट काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी निघणाऱ्या जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, 'खालील अटी व शर्तींच्या अधीन राहून' होते. या दोहोंतलं अंतर हाच छाया मंत्र्याचा कच्चा माल.

जीआर वाचायची एक रीत आहे, आणि ती शेवटाकडून सुरू होते. शेवटच्या परिच्छेदांत बहुधा लिहिलेलं असतं की हा निर्णय वित्त विभागाच्या सहमतीनं, त्यांच्या अमुक अनौपचारिक संदर्भ क्रमांकान्वये निघत आहे. पैसा लागणारा निर्णय असून ते वाक्यच नसेल, तर थांबा. त्याच्या आसपास लेखाशीर्ष दिलेलं असतं, म्हणजे खर्च कुठल्या शीर्षाखाली पडणार. लेखाशीर्ष नसेल किंवा 'स्वतंत्रपणे निर्गमित करण्यात येईल' असं असेल, तर घोषणा झाली पण तरतूद नाही असा अंदाज बांधायला हरकत नाही. पुढच्या पुरवणी मागण्यांत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार मागतं त्या जादा पैशाच्या यादीत, तो पडताळा. मग वर या. सुरुवातीला 'संदर्भ' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. ती सगळी काढून वाचा. योजना नवी आहे की जुनीच नाव बदलून आणली आहे, कुठली अट कधी घुसली, हे तिथंच कळतं. प्रत्येक जीआरला संकेतांक असतो. आपल्या नोंदवहीत तारीख आणि विषयासोबत तो लिहून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी संकेतस्थळावर शोधताना डोकं आपटावं लागत नाही.

पैशासाठी दोन जागा. पहिली, अर्थसंकल्पाची पुस्तकं. प्रत्येक विभागाच्या खर्चाच्या मागण्यांना अक्षर असतं: गृह 'बी', शालेय शिक्षण 'ई', आदिवासी विकास 'टी'. आपल्या अक्षराची पुस्तिका छाया मंत्र्याच्या टेबलावर कायम हवी. दुसरी, बीम्स ही सरकारची प्रणाली, जिच्या संकेतस्थळावर तरतूद किती, वितरित किती आणि खर्च किती हे लेखाशीर्षानुसार बघता येतं. दर महिन्याच्या पाच तारखेला आपल्या दहा महत्त्वाच्या लेखाशीर्षांचे हे तीन आकडे एका तक्त्यात उतरवायचे. जानेवारीपर्यंत खर्च अडलेला आणि मार्चमध्ये एकदम उसळलेला दिसला की प्रश्न आपोआप तयार होतो. इथली नेहमीची चूक म्हणजे तरतुदीचा आकडा खर्च समजून भाषण ठोकणं. वितरित झालेला निधीही खर्च नव्हे. वित्तमंत्र्याला विरोधकाला गप्प करायला एवढं एक पुरतं.

कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडले जातात, म्हणजे चर्चेला वेळच उरत नाही. ते दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात वाचून पुढच्या अधिवेशनाचे प्रश्न त्यातून काढावेत.

माहिती अधिकाराचं हत्यार संथ आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. चार विषय एका अर्जात कोंबले की तो परत येतो आणि महिना वाया जातो. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं, आणि तिथं लांबलचक रांग. म्हणून बातमी गरम असताना अर्ज करून उपयोग नाही. दर तिमाहीला ठरलेले पाच अर्ज टाकत राहायचं.

एक उदाहरण जवळून बघू. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना: महिना १,५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद. मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी वळवल्याचं समोर आलं, आणि खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आता विरोधी पक्षात यावर कोण बोलणार? योजना महिला व बालविकासाची, पैसा वित्ताचा, तोशीस सामाजिक न्याय आणि आदिवासी विकासाला. ठरलेलं नसेल तर चौघं बोलतात: एक जण योजनेवरच टीका करून बसतो, दुसरा रक्कम वाढवा म्हणतो, आणि संध्याकाळी चारही क्लिप शेजारी शेजारी लावून दाखवल्या जातात. ठरवायचं असं: पात्रतेच्या अटींवर महिला व बालविकास, तिजोरीच्या एकूण हिशेबावर वित्त, आणि वळवलेल्या निधीवर ज्यांचा निधी गेला ती खाती. पुढाकार एकाचाच, इथं सामाजिक न्यायाचा, कारण मुद्दा अनुसूचित जातींसाठी राखलेल्या पैशाचा आहे. टिपण एकच, पानभराचं: निधी वळवण्याचा शासन निर्णय, त्याचं लेखाशीर्ष, रक्कम, त्या लेखाशीर्षावर आधी काय मंजूर होतं, आणि आपली मागणी एका वाक्यात. मागणी नसलेलं टिपण परत पाठवा.

अधिवेशन

वर्षात तीन: मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पीय, जून-जुलैत पावसाळी, डिसेंबरात नागपूरला हिवाळी. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो ते, अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. विधिमंडळ सचिवालयाचं वेळापत्रक आलं की ते भिंतीवर लावा आणि त्याच्या आठ दिवस आधीची आपली तारीख धरा. एका प्रश्नावर अनेक आमदारांची नावं घालता येतात. ज्याचं नाव पहिलं त्याला उपप्रश्नाची पहिली संधी, म्हणून पहिलं नाव छाया मंत्र्याचं. प्रश्न विचारताना 'हे खरे आहे काय' या साच्यात एकेका विधानावर हो की नाही असं उत्तर मिळेल अशी मांडणी करा. एका वाक्यात तीन आरोप घातले की 'हे अंशतः खरे आहे' एवढंच उत्तर येतं, आणि कुठला अंश ते कधीच कळत नाही.

ताज्या विषयासाठी विधानसभा नियम १०५ ची लक्षवेधी, म्हणजे मंत्र्याकडून निवेदन मागणारी सूचना. मंत्र्याचं लेखी निवेदन हातात पडल्यावर बोलायला उभं राहण्याआधी ते आपल्या आकड्यांशी ताडून बघणारा माणूस दालनात बसलेला हवा. सविस्तर चर्चेसाठी नियम २९३, आणि विरोधकांचा हक्काचा म्हणता येईल असा नियम २९२ चा अंतिम आठवडा प्रस्ताव. या प्रस्तावात सगळ्या खात्यांचं गाठोडं बांधायची जुनी खोड आहे. तीन खाती घ्या, तीन छाया मंत्री बोलू द्या. अर्थसंकल्पाच्या दिवशी ब्रिटनमध्ये विरोधी पक्षनेत्याला अर्थमंत्री खाली बसल्याबरोबर उत्तर द्यावं लागतं, कागद आधी बघायला न मिळता. आपल्याकडे सर्वसाधारण चर्चेला काही दिवस मिळतात. ते 'दिशाहीन अर्थसंकल्प' असे बाइट देण्यात घालवू नका. पहिल्या दिवशी फक्त नेता बोलेल, बाकीचे आपापलं अक्षर वाचतील.

सभागृहात मंत्री 'तपासून घेतो', 'महिन्याभरात अहवाल मागवतो' असं म्हणतो, ते आश्वासन असतं आणि त्यासाठी आश्वासन समिती आहे. प्रत्येक छाया मंत्र्याच्या वहीत आश्वासनांचं वेगळं पान हवं: तारीख, शब्द, मुदत. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मंत्र्याला पत्र. असं पत्र जाणं ही एकच सवय लागली तरी विभाग तुमच्या नावाची दखल घेऊ लागतो.

कुणावर नाव घेऊन आरोप करायचा असेल तर आधी नियम ३५ ची नोटीस द्या, नाहीतर शब्द कामकाजातून काढून टाकले जातात. आमदाराला सभागृहात बोलल्याबद्दल राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ चं संरक्षण आहे. तेच वाक्य बाहेर माइकसमोर बोललं की ते संपतं. आमदार नसलेल्या छाया मंत्र्याला तर मुळातच नाही.

काय करू नये

छाया मंत्र्याला अधिकाऱ्याला बोलावण्याचा, आढावा बैठक घेण्याचा, फाईल मागण्याचा कसलाही हक्क नाही. उत्साही कार्यकर्ता 'छाया आरोग्यमंत्री' म्हणून ग्रामीण रुग्णालयात घुसतो, बाचाबाची होते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली, म्हणजे सरकारी कामात अडथळ्याचा, गुन्हा दाखल होतो. रुग्णालयात जाऊन रुग्णांशी बोला, औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो संमतीनं घ्या, अधीक्षकांना लेखी निवेदन द्या, पोच घ्या आणि परत या. लेटरहेडवर राजमुद्रा छापू नका; तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा केंद्रीय कायदा आहे. 'छाया मंत्री' या पदनामाखाली पक्षाचं नाव ठळक हवं, म्हणजे तालुक्याच्या गावी कुणाचा गैरसमज होणार नाही. कुणी फुटलेला कागद आणून दिला तर तो वापरण्याआधी जावक क्रमांक आणि तारीख दुसऱ्या मार्गानं पडताळा. खोटे कागद मुद्दाम पेरलेलेही असतात.

प्रवक्ते आणि छाया मंत्री यांचं भांडण ठरलेलं. पक्षाचं राजकारण, युत्या, पक्षांतर, निवडणुका यावर प्रवक्ता. खात्यावर छाया मंत्री. नेता कशावरही बोलू शकतो, पण खात्याचा विषय असेल तर आधी एक फोन. वाहिनीवाल्यांकडे ही यादी फोन नंबरांसकट देऊन टाका.

मतभेदाचं आधीच ठरवलेलं बरं. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१५ ला सीरियावरच्या हवाई हल्ल्यांच्या ठरावावर मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन विरोधात बोलले आणि त्यांचेच छाया परराष्ट्रमंत्री हिलरी बेन त्याच बाकावरून बाजूनं. सहा महिन्यांनी बेन यांना काढलं, आणि त्यापाठोपाठ छाया मंत्रिमंडळातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. आपल्याकडे पक्षादेशामुळे मत वेगळं पडत नाही, पण सूर वेगळा पडतो, आणि तो कॅमेऱ्याला बरोबर ऐकू येतो. आरक्षण, धर्मांतर, नद्यांचं पाणी अशा चार-पाच विषयांवर भूमिका पूर्ण बैठकीतच ठरेल, तोवर कुणी एकट्यानं बोलणार नाही, हे पहिल्या दिवशी लिहून सह्या घ्या.

फाईल पक्षाची

दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचा हिशेब घ्यावा: किती प्रश्न दाखल, किती स्वीकारले, किती आश्वासनं मिळवली, किती पुरी झाली, जीआरची वही अद्ययावत आहे का. वर्तमानपत्रातल्या कात्रणांची संख्या यात धरू नका. वर्षानं फेरबदल करावा, पण एका वेळी तिघाचौघांपेक्षा जास्त नको. खातं समजायला एक अर्थसंकल्प तरी जातोच.

आणि महाराष्ट्रात आणखी एक तयारी लागते. एकनाथ शिंदे २०१४ मध्ये जेमतेम महिनाभर विरोधी पक्षनेते होते, डिसेंबरात मंत्री झाले. त्यांच्यानंतरचे राधाकृष्ण विखे पाटील जून २०१९ मध्ये समोरच्या बाकावर गेले. जुलै २०२२ ला विरोधी पक्षनेते झालेले अजित पवार पुढच्या वर्षी २ जुलैला उपमुख्यमंत्री होते. नेतेच जातात तिथं छाया मंत्री जाणार नाही असं धरून चालू नये. म्हणून जीआरची वही, बीम्सचे तक्ते, आश्वासनांचं पान, माहिती अधिकारातली उत्तरं हे सगळं पक्षकार्यालयातल्या एका जागी, किमान दोघांच्या ताब्यात ठेवा. कुणाच्या खासगी फोनवर किंवा स्वीय सहायकाच्या लॅपटॉपवर एकमेव प्रत नको. माहिती अधिकाराचे अर्ज कार्यालयाच्या पत्त्यावरून करा, म्हणजे उत्तरंही तिथंच येतील. माणूस गेला तर अभ्यासक आणि फाईल जागेवर राहतात, आणि जोडीदार आमदार दोन दिवसांत काम हाती घेतो. त्याचं पहिलं काम सोपं असतं: गेलेल्यानं विरोधी बाकावरून स्वतःच्या सहीनं दिलेले प्रश्न काढायचे आणि त्यातले अजून उत्तर न मिळालेले, एक शब्दही न बदलता, पुढच्या अधिवेशनात त्याच्याच खात्याला पाठवायचे.